शून्य कुठं धरायचं

बाई, सोमवारी पेंटर येणार आहे.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि शाळेच्या रंगाचा निधी नेमका आत्ता आला. इतकी वर्षं आपण त्यासाठी अर्ज खरडत होतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. शुक्रवारी मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. सरांनी चहा सांगितला की समजावं, काहीतरी अवघड काम गळ्यात पडणार, हे निरीक्षण तुमचंच.

"चौगुले बाई, वड्याकडच्या भिंतीवर माने बाईंची ती पट्टी हाय न्हवं, तिचं काय करायचं?" सर म्हणाले. "पेंटर म्हणतोय, ठेवायची असली तर ती सोडून भवतीनं रंग लावतो. न्हायतर मारतो वरनं हात. पट्टीचं काय ते तुम्हालाच ठावं. सोमवारच्या आत सांगा."

मलाच का, हे विचारायची गरज नव्हती. तुमची सहावी-सातवी गणितासाठी आता माझ्याकडं आली आहे, हे एक. आणि त्या पट्टीवरून तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडलेली बाई मीच, हे शाळेत पहिलीच्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे खटल्यातला एक पक्ष उठून गेला म्हणून उरलेल्या पक्षालाच न्यायाधीश करून टाकलं. हे बरोबर नाही, पण सरांना ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी चहा प्यायले आणि बघूया म्हणाले.

तुमचीच पट्टी तुम्हाला समजावून सांगणं हा आगाऊपणा आहे. तरी मला ती एकदा पहिल्यापासून सांगून बघायची आहे, एखाद्या नवख्या माणसाला सांगावी तशी. सांगता सांगता कळेल, मी नक्की कोणाच्या बाजूची आहे.

आपली शाळा नदीकाठच्या गावात. उंच जोत्यावर बांधलेली, कारण बांधणाऱ्यांना नदीचा स्वभाव माहीत होता. ओढ्याच्या अंगाला पायऱ्या उतरतात आणि त्यांच्या कडेनं शाळेची भिंत, खाली जोत्याचा काळा दगड, वर विटा. मोठ्या पुराच्या वर्षी नदीनं ओढा मागं ढकलला, पाणी या पायऱ्या चढून पटांगणात आलं आणि वर्गात शिरलं. ओसरल्यावर आपण सगळ्यांनी मिळून गाळ काढला, बाकं उन्हात घातली. भिंतीवर मातीची एक सरळ रेघ राहिली. बाकीचे ती रेघ धुवायच्या मागं लागलेले असताना तुम्ही टेप घेऊन आलात.

आपल्याकडं पावसाळ्यात सकाळी माणसं एकमेकांना 'बरं हाय का' विचारत नाहीत, 'बंधाऱ्याला किती फूट झालं' विचारतात. सहाचा पाढा न येणाऱ्या मुलालाही इशारा पातळी आणि धोका पातळी तोंडपाठ असते. बंधाऱ्यावर धोका पातळी आली की पाणी आपल्या कुठल्या पायरीला टेकतं, हे गावात कोणीही सांगेल. त्या पायरीजवळ भिंतीवर तुम्ही शून्य लिहिलंत. तिथून वर फुटाफुटावर एक, दोन, तीन, लाल रंगात. खाली उणे एक, उणे दोन, हिरव्या रंगात. पटांगण आलं अधिक सहावर, पुराची रेघ अधिक आठवर, ओढ्याचा तळ उणे पाचाला. सहावीचा पूर्णांक संख्यांचा धडा सगळीकडं थर्मामीटर आणि समुद्रसपाटी दाखवून शिकवतात. आपल्या मुलांनी समुद्र पाहिला तर सहलीत आणि थर्मामीटर पाहिला तर तापात. तापात आकडा शून्याच्या खाली गेलेला कुणी पाहिलेला नाही. तुम्ही सगळी सहावी पायऱ्यांवर उभी केलीत आणि म्हणालात, ही आपली संख्यारेषा, चढा आणि उतरा.

गणिताचं साहित्य मुलांच्या रोजच्या हाताखालचं असावं, असा तुमचा हट्ट होता. दशांश आले की तुम्ही डेअरीच्या स्लिपा मागवायचा. ज्या घरात म्हैस, त्या घरात रोज दोन वेळा फॅटचा आकडा येतो, सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट आठ. एकदा तुम्ही फळ्यावर ६.९ आणि ६.१० लिहून विचारलंत, मोठी संख्या कोणती? पुस्तकावर वाढलेलं पोर सहा पॉइंट दहा म्हणतं, कारण नवापेक्षा दहा मोठे. आपल्या वर्गातनं उत्तर आलं, "सहा पॉइंट दहा डेअरीत येतच न्हाय बाई. नवाच्या फुडं मशीन सात दाखवतंय." लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून तुम्ही हे मला सांगायला स्टाफरूममध्ये आलात. मी म्हणाले, ते झालं, पण प्रश्नाचं उत्तर कुठं आलं? तुम्ही म्हणालात, "आलं की. त्यातच हाय सगळं." आणि मला न समजावता पाणी पिऊन वर्गात गेलात. तुमची ती सवय मला कधीच आवडली नाही. समोरच्याला उंबऱ्यापर्यंत आणायचं आणि दार उघडायच्या वेळी निघून जायचं.

शासनाची गणिताची पेटीही आपल्या शाळेत आहे, रंगीत ठोकळे, अपूर्णांकाच्या चकत्या, मणीमाळ. तुम्ही यायच्या आधी ती कपाटात कुलपात असायची. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होती, आणि तपासणीत एखादा ठोकळा कमी भरला तर जबाब कोण देणार? तुम्ही कुलूप काढायला लावलंत. दिवाळीपर्यंत निम्मे ठोकळे पोरांच्या खिशातनं घरोघरी पोचले. तेव्हाचे मुख्याध्यापक डोक्याला हात लावून बसले. तुम्ही अगदी शांतपणे विचारलंत, "सर, ठोकळे सगळे जागेवर ऱ्हायले आणि पोरं कोरी ऱ्हायली, तर त्याची नोंद कुठल्या रजिस्टरला घालायची?"  सरांनी बदलीचा अर्ज दिला, तो वेगळ्या कारणासाठी होता असं ते अजून सांगतात.

सगळंच साहित्य जमलं असं नाही, हेही लिहायला हवं. शोकसभेत प्रत्येकानं तुम्हाला इतकं गुळगुळीत करून टाकलं की मला तुम्ही ओळखू येईनात. ऊस आठवतो का? साखर कारखाना सुरू झाला, ट्रॉल्या शाळेवरनं जायला लागल्या, आणि तुम्ही एक अख्खा ऊस व्हरांड्यात आडवा बांधलात. एकेक कांडं म्हणजे एकेक संख्या. चौथीच्या मुलांनी बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या, आणि मग एकानं विचारलं की एक ते दोन एवढं जवळ आणि सात ते आठ एवढं लांब का हाय? बुडख्याकडची कांडी आखूड, वरची लांब, हे शेतकऱ्याच्या लेकीला, म्हणजे तुम्हाला, माहीत नव्हतं असं नाही. पण गणित करताना ते तुमच्या ध्यानातनं गेलं. मी दारातनं हसले. तुम्ही न चिडता मुलांनाच विचारलंत, मग सगळी कांडी सारखी कशाला पायजेत? दुसऱ्या दिवशी चर्चा करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ऊसच शिल्लक नव्हता. मधल्या सुट्टीत संख्यारेषा खाऊन टाकली होती पोरांनी.

आता भांडणाकडं येते.

पट्टी काढली त्याच वर्षातली गोष्ट. मी तिसरीच्या वर्गातनं ऐकत होते. तुम्ही सहावीला विचारलंत, "उणे एक आणि उणे चार, मोठी कोण?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "उणे चार!" असं चुकतातच मुलं, एकापेक्षा चार मोठे म्हणून. पण तुम्ही कारण विचारलंत आणि कारण वेगळंच निघालं. "उणे चारला पाणी लई खाली असतंय बाई. ते बरं." आणखी एक म्हणाला, "अधिक आठ सगळ्यात बारकी. तवा लई वाईट झालतं." पुण्या-मुंबईचं पोर या कारणानं चुकूच शकणार नाही. यांच्या नदीत जितकं उणे, तितकं सुख. आणि तुम्ही वर लाल रंग देऊन, खाली हिरवा देऊन त्यावर शिक्का मारला होतात.

त्या दुपारी डबा खाताना मी म्हणाले, बाई, शून्य चुकीच्या जागी धरलंय तुम्ही. पटांगण शून्य धरा. वर गच्ची, झाड, ते अधिक. खाली पायऱ्या, ओढा, ते उणे. सोपं, सरळ. जिथं तिथं पूर कशाला?

"पटांगणावर शून्य धरून काय करू?" तुम्ही म्हणालात. "तितं काय होतंय? पोरं खो-खो खेळत्यात. त्या शून्याला काय अर्थच न्हाय."

"शून्याला अर्थ नसतोच. म्हणून तर ते शून्य."

"तसं न्हाय चौगुले बाई. शून्य म्हंजे जितनं सगळं बदलतंय ती जागा. ती पोरांस्नी ठावं हाय. मी नवीन काय सांगितलंच न्हाय."

"मग उणे चार मोठी म्हणतात ते?"

"म्हणू देत की. चांगलं आणि मोठं एकच नसतंय, हे सहावीत कळलं तर काय बिघडलं?"

मी म्हणाले, परीक्षेत चांगली संख्या कुठली ते विचारत नाहीत, मोठी कुठली ते विचारतात. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, परीक्षा घेणाऱ्याच्या घरात पाणी शिरलेलं नसंल. यावर काय बोलणार? पण मी बोलले, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आणि पुढं प्रत्येक पावसाळ्यात. तुम्ही मात्र त्या मुलांकडनं दोन याद्या करून घेतल्यात, एक मोठ्या संख्येपासून लहानाकडं, एक बऱ्या दिवसापासून वाईटाकडं. दोन्ही याद्या एकमेकींच्या उलट निघाल्या आणि वर्ग त्यावर तास संपेपर्यंत बोलत राहिला. चाचणीत त्या धड्याला कोणी चुकलं नाही, हे मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला ते दिसतच होतं.

ही भांडणाची हसण्यावारी नेण्यासारखी बाजू. दुसरी बाजू साक्षीची.

साक्षीचं घर ओढ्याच्या कडेला, मातीच्या भिंतींचं. पुरात ते बसलं. दावणीची म्हैस सोडायला वेळ मिळाला नव्हता. तुमच्या वर्गात ती दुसऱ्या रांगेत बसायची. तुम्ही एकेका मुलाला शून्याच्या पायरीवर उभं करून सांगत होतात, तीन वर जा, पाच खाली जा. साक्षीची पाळी आली. तुम्ही म्हणालात, अधिक चार. ती हलली नाही. रडलीही नाही. भिंतीकडं बघत उभारली. तुम्ही तिच्या शेजारी एक पायरी सोडून उभ्या राहिलात, तास संपेपर्यंत.  मी व्हरांड्यातनं बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

स्टाफरूममध्ये मी आवाज चढवला. गणित शिकवताय का मीठ चोळताय, असं म्हणाले. ज्या पाण्यातनं ती बाहेर आली त्याच पाण्यात तुम्ही तिला परत उभं करताय.

तुम्ही म्हणालात, "ती तितंच उभारलीय बाई, तवापासनं. मी न्हाय उभं केलं. वर किती आणि खाली किती, हे तिला मोजायला नको व्हय? मोजलं की संपतंय कुठंतरी."

"आणि नाही संपलं तर?"

तुम्ही खडूचा डबा उचलून पुढच्या तासाला गेलात.  त्यानंतर बरेच दिवस आपण बोललो नाही. तुम्ही डबा वर्गात खाऊ लागलात. सरांना मध्यस्थी करावीशी वाटली, पण चहा सांगण्यापलीकडं त्यांना मध्यस्थी येत नाही. मग एक दिवस तुम्ही येऊन बसलात आणि न विचारता माझ्या डब्यातलं लोणचं घेतलंत. विषय मिटला असं आपण दोघी धरून चाललो. मिटला नव्हता.

आणि एवढं भांडून, पूर्णांक मला स्वतःला कळले ते त्याच पायऱ्यांवर. हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. मी कला शाखेची. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे मी शाळेत पाठ केलं, डी.एड.ला पाठ केलं आणि पंधरा-वीस वर्षं बिनदिक्कत शिकवलं. का, ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. एकदा पोरं गेल्यावर तुम्ही मला शून्यावर नेऊन उभं केलंत. म्हणालात, तोंड वर म्हंजे अधिक, तोंड खाली म्हंजे उणे. फुडं चालणं अधिक, मागं सरकणं उणे. आता तोंड खाली करा. मी ओढ्याकडं तोंड केलं. "आता दोन पायऱ्या मागं सरका." साडीचा काठ पायात आला, मी भिंतीला धरलं, सरकले. "कुठं आलासा?"

"वर," मी म्हणाले.

"झालं तर मग."

एवढंच. तुम्ही पर्स घेऊन स्टॉपकडं निघूनही गेलात. मी तिथंच उभी राहिले. मघाशी म्हटलं ना, दार उघडायच्या वेळी तुम्ही निघून जायचा, तर त्या दिवशी पहिल्यांदा ते बरं वाटलं, कारण माझा चेहरा कुणी बघू नये असा झाला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, कळलं का? मी म्हणाले, ठीक आहे, चालेल. चाळिशी उलटलेल्या बाईला एखादी गोष्ट पहिल्यांदा कळल्याचा आनंद झाला, तर तो दाखवावा कसा, हे मला माहीत नव्हतं. आता सांगते. त्या दिवशी मी घरी, उचगावपर्यंत स्कूटर चालवत मनातल्या मनात मागं सरकत होते. तुमचे आभार मानायचे राहिले, ते हे.

आणखी एक राहिलं. हे सगळं लिहून काढा, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत मांडा, असं मी किती वेळा म्हणाले. डेअरीच्या स्लिपा, पायऱ्या, काड्यांचे गठ्ठे, जोतिबाच्या खेट्यांना म्हणजे माघातल्या रविवारच्या पायी वारीला चाललेल्या माणसांचे अंतर-वेळेचे हिशेब, सगळं. तुम्ही नको म्हणायचात. लिहिलं की लोक तसंच करतात, ज्या गावाला नदीच न्हाय तितंबी धोका पातळी काढत बसतील, म्हणायचात. मला वाटतं, यात थोडा आळस होता आणि थोडा माज. आता ते लिहायला मी उरले आहे आणि मला निम्मंच आठवतं.

शोकसभेला साक्षी आली होती. आईबरोबर, मागच्या रांगेत. बारावीला आहे. सर तुम्हाला गणिताचा दीपस्तंभ म्हणत होते तेव्हा ती खाली बघून हसली, म्हणून मी तिला ओळखलं. सभा संपल्यावर मी तिला गाठलंच. इतकी वर्षं जो प्रश्न आपण दोघींनी एकमेकींवर फेकला, त्याचं उत्तर ज्या एका माणसाकडं होतं ते माणूस चप्पल शोधत माझ्यासमोर उभं होतं. मी विचारलं, साक्षी, बाईंनी तुला पायरीवर उभं केलं होतं, शून्यावर, तू वर गेली नव्हतीस, आठवतं का? तुला तेव्हा काय वाटलं होतं?

तिनं खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाली, "पायऱ्या आठवत्यात की बाई. पर असं काय आठवत न्हाय. मी उभारलेली?" आणि मग तिचा चेहरा खुलला. "ऊस खाल्लेला आठवतोय. चौथीत. बाईंनी बांधलेला, आन् आमी खाल्ला."

बघा. ज्या मुलीवरून आपण दोघी बोलेनाशा झालो, तिला ते आठवत नाही. तुम्ही तिला त्यातनं बाहेर काढलंत म्हणून आठवत नाही, की ते तसं काही नव्हतंच आणि मीच उगाच रान उठवलं, की तिनं ते कुठंतरी खोल पुरून ठेवलं आहे? तीनही शक्य आहेत. तिच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि बाई लई चांगल्या हुत्या म्हणाली. मी हो म्हणाले.

इथवर रविवारी लिहिलं. निकाल लागला नाही. पट्टी ठेवावी म्हटलं की वाटतं, तुम्ही गेलात म्हणून मी हार मानते आहे, आणि मेलेल्या माणसाला जिंकू देण्यासारखं खोटं दुसरं नाही. पुसावी म्हटलं की वाटतं, उत्तर द्यायला तुम्ही नाही हे बघून मी डाव साधते आहे. सरांनी मधला मार्ग काढला होता. पेंटरकडं बोलक्या भिंतींचे छाप तयार असतात, ग्रह, महिने, पाढे. त्यात उणे दहा ते अधिक दहाची आडवी संख्यारेषाही आहे. ती मारू आणि खाली 'कै. माने बाई यांच्या स्मरणार्थ' घालू, असं ते म्हणाले. मी म्हणाले, सर, त्या उठून येतील.

आज सोमवार. पेंटर आला, बादल्या उतरवल्या आणि मला म्हणाला, "बोला बाई, ठेवायची का मारायची?" मी त्याला मधल्या सुट्टीपर्यंत पुढची बाजू घ्यायला सांगितलं आणि सहावीला घेऊन पायऱ्यांवर गेले. हा धडा तुम्ही पावसाळ्यात घ्यायचात. यंदा तुम्ही रजेवर होतात म्हणून राहून गेला. मी मुलांना म्हणाले, भिंत रंगणार आहे, पट्टी नवीन काढायची आहे. शून्य कुठं धरायचं, तुम्ही सांगा.

निम्मी पोरं म्हणाली, हाय तितंच. धोक्याच्या पायरीवर. निम्मी म्हणाली, पटांगणात, कारण जमीन तिथं आहे. "वड्याचा तळ धर की मग शून्य, जमीनच पायजे तर," एक म्हणाला. "मग उणे कुठनं आणणार, तुज्या घरातनं?" दुसरा म्हणाला. ही पोरं मोठ्या पुराच्या वेळी अंगणवाडीत होती. त्यांना तो जास्त करून ऐकूनच माहीत. तरी एक मुलगी तुमच्या तोंडचं वाक्य बोलली, पटांगणात काय होतंय, नुसतं खेळतोय आपण. आणि तिला दुसरीनं माझ्या तोंडचं उत्तर दिलं, जिथं तिथं पूर कशाला काढतीस? दोघींपैकी एकीनंही आपलं भांडण ऐकलेलं नाही. मी खालच्या पायरीवर बसले आणि ऐकत राहिले. किती छान भांडत होतो आपण. मला वाटलं, चालू दे हे, सुट्टी झाली तरी चालू दे, उद्याही इथंच येऊ.

घंटा झाली. आर्या नावाची एक मुलगी इतका वेळ गप्प होती, तिला डब्याची घाई असावी. ती म्हणाली, "मग दोन काढा की. एकीचं शून्य हितं, एकीचं तितं. भांडताय कशाला?"

पोरं डबे खायला पळाली. पेंटरला काहीच अवघड वाटलं नाही. त्यानं तुमची पट्टी तशीच नव्यानं उजळली आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, माझी काढली. दुपारी वर्ग परत आणला. पुराची रेघ तुमच्या पट्टीवर अधिक आठ, माझ्या पट्टीवर अधिक दोन. धोक्याची पायरी तुमच्याकडं शून्य, माझ्याकडं उणे सहा. दोन्हीकडं वजाबाकी केली तर अंतर आठच. एक जण म्हणाला, "आकडं बदलल्यात नुसतं, पाणी तेवढंच हाय की बाई." मी हो म्हणाले. धडा निम्म्याच्या वर तिथंच झाला.

इतक्या वर्षांत आपल्या दोघींपैकी एकीलाही हे सुचलं नाही. तुम्ही असतात तर आज माझ्याकडं बघून हसला असतात आणि लगेच नवीन काहीतरी काढलं असतंत, अंतर एवढं की तेवढं, पायरी फुटाची की कमी. तुम्ही गेल्यापासून रोज येता-जाता, स्कूटरवर, भाकरी थापताना, मी तुमच्याशी हे एकच भांडण भांडत होते. तुमचे मुद्दे तुमच्या आवाजात मांडत होते आणि माझे माझ्या. त्यामुळं तुम्ही गेलात हे मला नुसतं माहीत होतं, तसं वाटत नव्हतं.

आज ते मिटलं, बाई. मला ते मिटायला नको होतं.